किमतीने उठवलेली वस्ती

गरीब वस्तीचे रूप पालटून तिथले मूळ रहिवासी पांगतात, तेव्हा त्याला जबाबदार कोण, या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. विकणाऱ्याने स्वखुशीने विकले आणि घेणाऱ्याने दाम मोजला, तेव्हा तक्रारीला वाव नाही, असे एक उत्तर सांगते. दोष बाजारव्यवस्थेचा व शासकीय धोरणाचा असल्याने एकट्यादुकट्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही, असे दुसरे. परस्परविरोधी दिसणारी ही उत्तरे खरेदीदाराला सारखीच सोयीची आहेत, आणि जालन्यासारख्या वाढत्या शहरात त्यांची तपासणी करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कमी उत्पन्नाच्या वस्तीत सुस्थित वर्गाची माणसे किंवा नुसता त्यांचा पैसा येऊन जागांचे भाव व भाडी इतकी चढतात की, कोणी न हाकलताही जुन्या रहिवाशांना निघावे लागते. या प्रक्रियेला अभिजनीकरण म्हणतात. रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या श्रमिक वस्त्यांसंदर्भात तिला नाव दिले, तर नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये तिचे कारण रहिवाशांच्या आवडीनिवडीत न शोधता जागेच्या अर्थकारणात शोधले. जागेतून आज मिळणारे उत्पन्न आणि तिचा वापर बदलल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांत जितकी मोठी दरी पडते, तितका तिथे पैसा ओढला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

जालन्यात ही दरी रुंदावण्याची कारणे उघड आहेत. १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे शहर लोखंडी सळ्यांचे कारखाने व बियाणे उद्योग यांवर वाढले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला; २०२३ मध्ये नगर परिषदेची महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला जाणारी वंदे भारत गाडी सुरू झाली. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण अशा वेळी हटकून आठवली जाते, मात्र पाळण्याची दोरी कोणाच्या हाती असते ते ती सांगत नाही.

किमतीचा हा चढ गरिबाच्या पदरात का पडत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी गुंठेवारीत आहे. शेतजमीन अकृषिक न करता व रेखांकन मंजूर न करून घेता तिचे गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे, पुष्कळदा केवळ बॉन्डपेपरवर, विकले जातात, त्या पद्धतीला मराठवाड्यात गुंठेवारी म्हणतात. राज्याने २००१ मध्ये कायदा करून अशी बांधकामे शुल्क आकारून नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केली. परंतु नियमितीकरणासाठी रोख रक्कम व कार्यालयात खेटे घालण्याची सवड लागते, कच्च्या कागदावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि दवाखान्याचा किंवा लग्नाचा खर्च तर थांबत नाही. परिणामी गरजू धारक कच्च्या कागदाच्या भावाने जागा विकतो, ऐपतदार खरेदीदार शुल्क भरून ती पक्की करतो, आणि दोन भावांतला फरक त्याच्या खाती जमा होतो. ही विक्री स्वखुशीची म्हणायची तर स्वखुशी या कल्पनेलाच बरीच ओढाताण सोसावी लागेल.

इथेच व्यक्तीची जबाबदारी सुरू होते. राहण्यासाठी स्वस्त जागा शोधणारा शिक्षक किंवा कारकून दोषी नव्हे, कारण त्याच्याही पगाराला मर्यादा आहेत. कागदाची त्रुटी माहीत असताना तिच्याच आधारे भाव पाडणारा मात्र व्यवस्थेआड लपू शकत नाही. जो प्लॉट घेऊन, तारेचे कुंपण घालून, भाव येईपर्यंत तो रिकामा ठेवतो, त्याचे उत्तरदायित्व तर अधिकच, कारण तो वस्तीला किंमत देतो, शेजार देत नाही. नव्याने राहायला आलेल्याचे वर्तनही मोजावे लागते: त्याने महापालिकेकडे सर्वांसाठी पाणी व नाली मागितली की दारासमोरची हातगाडी हटवण्याचा अर्ज दिला, यात फार अंतर आहे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या आहेत, त्या अशाच अर्जांना तोंड देण्यासाठी उपयोगी पडाव्यात.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना केल्यास एक भेद ठळक होतो. तिथे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरण्यांच्या जमिनीवर मॉल व मनोरे उभे राहिले, म्हणजे कामगार नकोसा झाल्यावर त्याची वस्ती नकोशी झाली. जालन्यातील भट्ट्या पेटलेल्या आहेत, त्यांना कामगार हवा आहे. भाडे परवडेनासे झाले तर त्याला कामापासून दूर राहून पहाटेच्या पाळीला यावे लागेल, आणि ते अंतर तो स्वतःच्या खिशातून भरील.

भाडेकरूचा विचार सर्वांत कमी होतो, कारण गुंठेवारी कायद्याचा लाभ भूखंडधारकाला आहे, त्याच्या खोलीत राहणाऱ्याला नाही. तरीही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. या तरतुदीसाठी नवे धोरण किंवा निधी लागत नाही; चार खोल्या भाड्याने देणाऱ्या मालकाने नोंदणीचा खर्च सोसून ती पाळायची असते.