प्रायश्चित्त कोणी घ्यावे?

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सरकारी शिष्यवृत्तीवर तो दोन वर्षे जर्मनीत, बॉन शहरात, शिकायला होता. शिक्षण संपवून परत आला आणि दिवाळीच्या गडबडीतही जुन्या मास्तरांची आठवण ठेवून भेटायला आला, याचा मला केवढा आनंद झाला ते शिक्षकाच्या पेशातल्या माणसालाच कळेल. आमच्या महालातल्या घरात त्या वेळी पाहुण्यांची वर्दळ होती. विलायतेहून मुलगा आला आहे म्हटल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तिकडे थंडी किती असते? बर्फ पाहिलास का? पोळीभाजी मिळते का? नोकरी लागली तर पगार किती? आणि शेवटी, सर्वांच्या मनातला तो प्रश्न माझ्या मेहुण्यांनी विचारला : "बरं, तिकडून काय आणलंस?"

मुलाने हसून चॉकलेटचा डबा पुढे केला. सगळे हसले. मीही हसलो. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. परदेशी शिकून आलेल्या माणसाला आपण नेहमी हेच विचारतो. त्याने काय आणले, काय टाकले, तो बिघडला की सुधारला. म्हणजे परीक्षा नेहमी परतणाऱ्याची. परीक्षक आपण, घरी बसलेले. ही वाटणी कोणी केली, आणि ती न्यायाची आहे काय, या प्रश्नावर मला चार शब्द लिहायचे आहेत.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून परत आलेल्या उच्चवर्णीय माणसाला जातीत घेण्यापूर्वी प्रायश्चित्त घ्यावे लागे. पंचगव्य प्यायचे, विधी करायचा, दक्षिणा द्यायची. तेव्हा कुठे पंक्तीला पाट मिळायचा. ज्याने नकार दिला त्याच्यावर बहिष्कार. आज आपण त्या गोष्टीला हसतो. पण त्या विधीच्या पोटात जी समजूत होती ती सुटली आहे असे मला वाटत नाही. घर शुद्ध आणि बाहेरची वाट अशुद्ध, ही ती समजूत. जो गेला तो विटाळला, जो उंबऱ्याच्या आत राहिला तो आपोआप पवित्र! काही न करता पवित्र राहण्याची एवढी सोपी युक्ती जगात दुसरी नसेल.

या समजुतीला आपल्याच इतिहासाने दिलेले उत्तर आम्हां नागपूरकरांच्या दारात उभे आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी तेथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन आपण अभिमानाने सांगतो. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ मध्ये लंडनला, अर्थशास्त्र आणि कायदा शिकायला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढची गोष्ट मात्र आपण भरभर उरकतो, आणि माझ्या मते थांबायचे ते तिथेच.

करारानुसार ते बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू होण्यास गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकले आणि ती परत आली. कारण प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? आपल्याला ठेवून कोण घेणार? शेवटी एका पारशी उतारगृहात, पारशी नाव सांगून, त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे जिन्यावर आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. दोन मित्रांकडे विचारून पाहिले, दोघांनीही निभावून नेण्यासारखे काही कारण सांगितले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. ज्याला लंडनमध्ये खोली मिळाली त्याला आपल्या देशात, हातात सरकारी नोकरी असताना, खोली मिळाली नाही! त्या आत्मकथनाच्या नावाचा अर्थ मला फार उशिरा कळला. व्हिसा परदेशी जाण्यासाठी लागतो असे आपण समजतो. बाबासाहेबांना तो स्वदेशी परतताना लागत होता, आणि देणारे आपण होतो.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, अर्धपोटी राहून अभ्यास केला आणि १९२३ मध्ये तेथली डॉक्टरेट मिळवली. मधल्या काळात बॉनच्या विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. लंडनला किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या दहा क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. चांगले केले. पण मनात आल्यावाचून राहत नाही, की १९१७ मध्ये बडोद्यात एका खोलीचे दार उघडले असते तर त्याला किती थोडा खर्च आला असता!

एवढ्यावरून वाचकांनी असे समजू नये, की मी युरोपला स्वर्ग आणि आपल्या देशाला नरक म्हणतो आहे. तो तर उलट बाजूने तोच जुना भ्रम झाला. १९२८ मध्ये आपल्या इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ. गोऱ्या वंशाची बुद्धी श्रेष्ठ आणि त्याची खूण कवटीच्या दोन बाजूंच्या फरकात सापडते, असे त्यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीची डावी-उजवी बाजू थोडी कमीजास्त असते हे खरे. पण त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. परका देश, परकी भाषा, आणि समोर ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून तो गुरू. तरी मोजपट्टीने जे सांगितले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. पुढे १९३३ नंतर नाझी राजवटीच्या वंशधोरणाला याच गुरूने आणि त्यांच्या संस्थेने शास्त्राचा आधार पुरवला. तेव्हा जन्मावरून माणूस मोजण्याचा धंदा काही आपलीच मिरासदारी नाही. आपण तो पोथी घेऊन केला, त्यांनी मोजपट्टी घेऊन.

मग परदेशी जाऊन विद्यार्थ्याला खरोखर मिळते काय? पाहुणे पांगल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला हेच विचारले. तो पहिल्यांदा गमतीच्या गोष्टी सांगू लागला. रविवारी तिथे बहुतेक दुकाने बंद असतात. पहिल्या रविवारी घरात अन्नाचा कण नाही म्हणून तो पाव आणि पाणी घेऊन ऱ्हाइन नदीच्या काठी बसून राहिला. रिकाम्या बाटल्या दुकानात परत केल्या की पैसे मिळतात. महिनाअखेरीस त्या पैशांवर त्याने भाजी आणली. सुट्टीत रात्रीच्या स्वस्त बसने प्रवास करायचा, म्हणजे मुक्कामाचे भाडे वाचते; असा तो पॅरिस आणि प्राग पाहून आला. खोली शोधताना मात्र कष्ट पडले. फोनवर जी खोली रिकामी असायची ती प्रत्यक्ष गेल्यावर भरलेली निघायची. तीन घरे अशी झाली, तेव्हा चौथ्या घरच्या म्हातारीने काही न विचारता किल्ली दिली.

"पण सर, एक गोष्ट पहिल्या महिन्यात लक्षातच आली नाही," तो म्हणाला. "काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. वाटलं, हवा बदलली म्हणून असेल. मग एक दिवस ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत आपल्याला कोणी आडनाव विचारलं नाही. मी काळा आहे, परका आहे, हे त्यांना दिसत होतं, काहींना खुपतही होतं. पण ते माझ्या तोंडावर दिसणारं होतं. नावात खोदून काढलेलं नव्हतं."

"नंतरही कोणी विचारलं नाही?"

"विचारलं ना! आपल्याच लोकांनी. दिवाळीला सगळे भारतीय विद्यार्थी जमलो, खिचडी केली, गाणी म्हटली. जेवताना एकाने अगदी प्रेमानं विचारलं, 'तुझं पूर्ण नाव काय रे?'"

मी काही बोललो नाही. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. बॉनहून कोलोन आगगाडीने अर्ध्या तासावर. तिथे फिरताना फरसबंदीत बसवलेला पितळी पत्र्याचा एक दगड त्याला दिसला. लांबीरुंदीने दहा सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा. वाकून पाहिले तर त्यावर लिहिलेले : येथे अमुक माणूस राहत होता, त्याचा जन्म अमुक साली, त्याला नेले अमुक साली, मारले अमुक ठिकाणी. नाझींनी घरातून ओढून नेलेल्या ज्यू आणि इतर माणसांचे हे दगड, त्यांच्याच शेवटच्या घरासमोर बसवलेले. जर्मन भाषेत त्यांना अडखळण्याचे दगड म्हणतात. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९० नंतरच्या दशकात हे काम सुरू केले आणि २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख दगड बसले. त्यावरची अक्षरे वाचायची तर मान खाली घालावी लागते.

"त्या घरांत आता दुसरी माणसं राहतात सर. त्यांनी काही केलेलं नाही. तरी सकाळी दार उघडलं की समोर तो दगड. काहीजण पितळ घासून लख्ख ठेवतात."

हे तो सहज सांगत होता. मला मात्र बसल्या जागी ठेच लागली.

पंधरा वर्षांपूर्वी हाच मुलगा माझ्या वर्गात सहावीत होता. दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गातल्या चार मुलांना घरी फराळाला बोलावले होते. त्या वेळी माझी आत्या आमच्याकडे होती. आता ती नाही. तिने येणाऱ्या प्रत्येक मुलाला नाव विचारले, आडनाव विचारले. मग तिघांना बशीतून फराळ दिला आणि याला चिवडा दिला वर्तमानपत्राच्या कागदावर. तिघांना पाण्याचे पेले दिले. याने पाणी मागितले नाही. मी दारातच उभा होतो. मी पाहिले. आत्याला चारचौघांत काय बोलायचे, वय झाले तिचे, मुलाच्या तरी काय लक्षात येणार, अशा तीन सबबी मी तीन क्षणांत जमवल्या आणि मुलांना कोडी घालू लागलो. त्या संध्याकाळी मी आत्याला काही बोललो नाही, आणि नंतरही कधी नाही. ती बिचारी जे शिकली होती तसे वागली. पण मी तर शिक्षक होतो! ज्या पुस्तकातून समतेचा धडा शिकवायचो ते माझ्याच टेबलावर होते.

आता तो समोर बसला होता. आमच्या सौभाग्यवतींनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या बशा काढल्या होत्या. मी त्याला तो प्रसंग सांगितला. सांगताना त्याच्याकडे पाहता येईना. माझी चूक झाली, असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"मला आठवतं सर," तो म्हणाला. "तो कागद मी घरी नेला होता. आईला सांगितलं, सरांनी बांधून दिलं."

सहावीतल्या मुलाने माझी लाज झाकली होती, आणि पंधरा वर्षे झाकून ठेवली होती. त्याने क्षमा केली का, ते मी विचारले नाही. ते विचारणे म्हणजे पुन्हा त्याच्याकडूनच काहीतरी मागणे झाले असते.

तो गेल्यावर मी पुष्कळ वेळ विचार करीत बसलो. परदेशात त्याला जे मिळाले ते बर्फात नव्हते, पॅरिसच्या मनोऱ्यात नव्हते, पदवीच्या कागदातही सगळे नव्हते. जन्माने अंगाला चिकटले असे आपण ज्याला म्हणतो, ते लोकांनी चिकटवलेले असते आणि गाव बदलले की गळून पडू शकते, एवढे त्याला कळले. हे ज्ञान घेऊन तो परत आला. त्याचे काय होईल हे आता त्याच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. आपण जर उंबऱ्यावर तीच जुनी मोजपट्टी घेऊन उभे राहिलो, तर त्याचा प्रवास आपण व्यर्थ केला. प्रायश्चित्ताची जुनी कल्पना मला सगळीच टाकावी असे वाटत नाही; केलेली चूक मानणे, ती बोलून दाखवणे आणि पुन्हा न करणे, यात वाईट काय आहे? फक्त ते चुकीच्या माणसाला दिले जात होते. समुद्र ओलांडला त्याच्याकडे कसले पाप? पाप असलेच तर ते ज्याने उंबरा ओलांडू दिला नाही त्याच्याकडे.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मुलाने नाव सांगितले की "आणि आडनाव?" असे विचारण्याची माझी वीस वर्षांची सवय आहे. या वर्षी मी फक्त नाव विचारले आणि पुढच्या बाकाकडे वळलो. वर्गाला त्यात काही विशेष वाटले नाही. एक मुलगा मात्र आडनाव सांगायला तोंड उघडून थांबला, माझ्याकडे पाहिले आणि खाली बसला. तो का थांबला ते मला माहीत आहे.

या दिवाळीतही घरोघरी कोणाची तरी मुले लांबून परत आलेली असतील. त्यांना खुशाल विचारा, काय आणलेस म्हणून. पण फराळाच्या बशा मांडताना त्या सगळ्या सारख्या आहेत ना, एवढे एकदा पाहून घ्या.