मठाची वाईन आणि माळकऱ्याचा प्रश्न

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि तासगावजवळ द्राक्षबाग. माल बेदाण्याला जातो; दारूला मी कधी शिवलो नाही. तरी फ्रान्सच्या बर्गंडीतली ‘क्लो द वूजो’ ही बाग पाहिली, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. संसार सोडलेल्या माणसांनी इतका जीव ओतून वाईन का करावी?

ही बाग सितोच्या मठाची. मठ १०९८ सालचा. बाराव्या शतकापासून मठवासीयांनी इथं तुकड्या-तुकड्यानं जमीन जमवली आणि १३३६ पर्यंत भोवती दगडी भिंत पुरी केली. आत सव्वाशे एकरांच्या आसपास क्षेत्र. मांडव नाही, वेल बुटके, जेमतेम मीटरभर अंतरावर. छाटणी एकच, हिवाळ्यात. एकरी दोनेक टन माल. एवढ्यावर आमच्याकडे कुणी बाग ठेवणार नाही.

वाण पिनो न्वार. मणी बारीक, साल पातळ, घड गच्च. पाऊस लागला की कूज धरणार, हे बागायतदाराला बघताक्षणी कळतं. तोडणी हातानं, मग सडका मणी वेचून बाजूला. आतला रस जवळपास बिनरंगी असतो, लाली सालीत. म्हणून सालीसकट आंबवतात. आंबताना वायूच्या जोरानं साली वर येऊन जाड थर धरतात. तो रोज खाली दाबायचा, नाहीतर वर सुकतो आणि आंबूस होतो. दोन-तीन आठवड्यांनी रस काढायचा, चोथा पिळायचा आणि २२८ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष ठेवायचा. लाकडातून थोडी थोडी वाईन उडते. ती तूट भरत राहायची. जुन्या वास्तूत पिळायचे चार लाकडी घाणे अजून उभे आहेत. त्यांच्या तुळया पाहिल्या की हे केवळ पोटापुरतं काम नव्हतं, हे पटतं.

सितोचे साधू सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीनं चालत. वाईन खरं तर साधूंसाठी नाही, पण माणूस दुबळा आहे, असं मानून तिथं रोज पाव लिटरच्या आसपास मुभा दिली आहे. पूजेला वाईन लागते ती वेगळी. पण तेवढ्याला सव्वाशे एकर लागत नाहीत. वाईन विकली जात होती, मठ श्रीमंत होत होता. बागेत राबणारे बरेचसे निरक्षर सेवेकरी बंधू होते, त्यांची नावं कुठंच नाहीत. हे मला खटकतं. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, ते मी सहज मानतो. ज्यानं झिंग चढते त्यात देव पाहायचा कसा?

उत्तर मला त्याच नियमावलीत सापडलं. एकतिसाव्या प्रकरणात सांगितलंय, की कोठारप्रमुखानं मठातलं प्रत्येक अवजार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं जपावं. मग छाटणीची कात्रीही पूजेच्या भांड्याच्या मोलाची ठरते. सत्तावन्नावं प्रकरण अधिक कडक आहे. कारागिराला आपल्या कसबाचा गर्व झाला, आपल्यामुळे मठाचं भलं होतंय असं वाटू लागलं, तर त्याच्याकडून ते काम काढून घ्यावं. माल विकतानाही बाहेरच्यांपेक्षा थोडा स्वस्त विकावा.

म्हणजे उत्तम काम करायला बंदी नाही, त्यावर ‘माझं’ म्हणून हक्क सांगायला आहे. आपण फळाची आशा सोडा म्हणतो आणि तिथंच थांबतो. इथं कर्तेपण सुटलं नाही तर काम हातातून काढून घ्यायची व्यवस्थाच लिहून ठेवली आहे. ती नेहमी पाळली गेली असेल असं मी म्हणत नाही. पण मठाच्या वाईनबद्दलचा माझा राग तिथं निवळला.

फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९० मध्ये, बाग मठाकडून जप्त झाली. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे ऐंशी मालक आहेत आणि बाटलीवर ज्याचं त्याचं नाव असतं. वाईन मी आजही पिणार नाही. पण ज्यांच्या हाताला कसब आहे, मग ते बागेतलं असो की कीर्तनातलं, त्यांनी ते सत्तावन्नावं प्रकरण एकदा वाचावं. फार मोठं नाही.