पुढचं पुस्तक कोणतं?

एकादशीचं कीर्तन आटोपलं की आम्हां वारकऱ्यांत प्रश्न निघतोच: पोरांनी कादंबऱ्या वाचाव्यात काय? कुणी म्हणतो, हातातून काढून घ्या. आम्हांस ते पटत नाही.

आमच्या उमरीचंच पाहा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत दरोडे आहेत. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी लढ्याच्या खर्चासाठी उमरीची बँक लुटली, हा इतिहासही पुस्तकांत आहे. दोन्ही वाचलेला नातू एक दिवस विचारील, "आजोबा, लूट ती लूटच, मग एक चोर अन् दुसरा देशभक्त कसा?" विवेकाचा धडा तिथंच सुरू झाला.

आणि आपलं काय? ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय संपवून आपण पारायणं मोजतो. मनात काय उरलं, ते मोजीत नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती ओवी न् ओवी तपासून.

म्हणून माउली हो, कथा असो की पोथी, पुढचं पुस्तक उघडण्याआधी स्वतःला पुसावं: मागच्यानं आपल्याला काय विचारलं? उत्तर सापडलं नाही, तर पुढचं पुस्तक तेच.

रामकृष्णहरि.