आपला संगणक कोण बदलतं?

विंडोज ९५ मध्ये एक दोष होता. मशीन बंद न करता सलग ४९.७ दिवस चालवलं, तर ते गोठून पडण्याची शक्यता असे. आतला एक आकडा मिलिसेकंद मोजत मोजत ३२ बिटांच्या मर्यादेला टेकायचा, पुन्हा शून्यावर यायचा आणि त्यावर विसंबलेला भाग गोंधळायचा. हा दोष लक्षात यायला काही वर्षं गेली. त्या काळी घरातलं किंवा ऑफिसातलं विंडोज एवढे दिवस एकदाही रीस्टार्ट न करता क्वचितच चालत असे.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम जास्त भरवशाची, हा वाद आजही पुष्कळदा त्याच काळातल्या अनुभवांवर चालतो. तेव्हा त्याला आधार होता. विंडोज ९५ आणि ९८ डॉसच्या पायावर उभी होती आणि एखादा बेशिस्त प्रोग्रॅम सगळ्या यंत्रणेला घेऊन पडू शकत होता. मॅकची जुनी प्रणालीही याबाबतीत फार वेगळी नव्हती. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमने आपली पाळी संपली की स्वतःहून बाजूला व्हायचं, असा करार होता. एकाने तो मोडला की पडद्यावर काहीच हलत नसे. २००१ साली हे चित्र पालटलं. मार्चमध्ये युनिक्स घराण्यातला मॅक ओएस टेन आला. त्याच वर्षी विंडोज एक्सपीने मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह कटलर यांच्या चमूने बांधलेला विंडोज एनटीचा पाया, जो १९९३ पासून सर्व्हर आणि वर्कस्टेशनवर होता, घराघरात नेला. लिनक्स तर १९९१ पासून प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखूनच वाढत होतं. म्हणजे तिघांच्याही पायातला मोठा फरक मिटून दोन दशकांवर काळ लोटला.

तरीही मशीन पडतं. कधी हार्डवेअर दगा देतं, कधी ड्रायव्हर. विंडोज व्हिस्टा अस्थिर म्हणून बदनाम झालं, पण पुढे एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत २००७ मधल्या नोंदलेल्या क्रॅशपैकी जवळपास २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाल्याचं दिसतं. ड्रायव्हर लिहिणारा दुसराच, पण तो चालतो कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, जिथल्या चुकीला माफी नसते. रॅमचंही तसंच. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेलं की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे पहिलं उत्तर येतं. रॅमची एक पट्टी खराब असेल तर दहा वेळा फॉरमॅट मारूनही निळी स्क्रीन यायची ती येतेच, आणि दोष जातो विंडोजच्या माथी.

१९ जुलै २०२४ ला हेच सगळं एका सकाळी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल पाठवली. आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ते १०.५७, अवघी ७८ मिनिटं ती फाइल वाटली जात होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. भारतातल्या विमानतळांवर कर्मचारी हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. बहुतेक मशीन दुरून दुरुस्त होईनात. माणसाने प्रत्येकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते सुरू करून, ती फाइल उडवायची, हाच उपाय उरला. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली शोधायची. मॅक यातून सुटले, कारण ती फाइल विंडोजसाठीच होती. पण मॅकवर असा धोका मुळातच कमी आहे. ॲपलने २०१९ पासून अशा बाहेरच्या सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टने त्या दिशेचं काम या घटनेनंतर हाती घेतलं. मॅकची ही बाजू मला निर्विवाद उजवी वाटते.

पण त्या सकाळचा आणखी एक तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या ७८ मिनिटांत जी मशीन बंद होती, ती वाचली. आदल्या संध्याकाळी जे व्यवस्थित चालत होतं, त्यात कुणीतरी बाहेरून बदल केला आणि ते पडलं. आजच्या रोजच्या वापरातल्या अस्थिरतेचं मूळ मला इथे दिसतं. संगणक आपोआप बिघडण्याचे दिवस बरेचसे मागे पडले. आता तो बदलला जातो, आणि कधी बदलायचा हे बसून काम करणारा माणूस ठरवत नाही.

ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटने काही लोकांच्या फाइल पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी मॅकच्या कॅटालिनाने सगळे ३२ बिट प्रोग्रॅम बंद केले. आधी इशारे दिले होते हे खरं, पण ज्याचा प्रोग्रॅम बनवणारी कंपनीच बुडाली होती त्याला इशाऱ्याचा काय उपयोग? लिनक्सही सुटत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलपुरता एक कडक नियम आहे: कर्नलमधल्या बदलाने वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. तो नियम कर्नलपाशीच संपतो. २०११ मध्ये नोम डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने मेनू, पट्ट्या, खिडक्या सगळं उलटंपालटं केलं, तेव्हा खुद्द टोरवाल्ड्स वैतागून दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. काही जणांनी तर जुना नोम जिवंत ठेवण्यासाठी माटे हा वेगळा प्रकल्पच उभा केला. आधीसारखंच राहू द्या, एवढ्याचसाठी लोक वर्षानुवर्षं फुकट राबतात, यावरून त्या गरजेची खोली कळावी.

महाराष्ट्रात ही गरज डीटीपीवाल्यांइतकी कुणी भोगली नसेल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यावर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे युनिकोडपूर्व फॉन्ट, पाठीमागे खोचलेलं डोंगल, आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक त्याच फाइलींमध्ये. विंडोज बदललं की डोंगलचा ड्रायव्हर चालेल याची खात्री नाही, आणि ओळी एका अक्षराने जरी सरकल्या तरी आख्खा फॉर्म पुन्हा तपासावा लागतो. म्हणून कित्येक दुकानांत एक जुनं एक्सपीचं मशीन नेट न जोडता जपलेलं असतं. पेन ड्राइव्हने फाइल आत, पेन ड्राइव्हने बाहेर. बाहेरून आलेल्याला हा मागासपणा वाटतो. मला त्यात कामाची जबाबदारी ओळखणारा माणूस दिसतो. ऐन दिवाळी अंकाच्या धांदलीत त्याचं मशीन बदललं, तर त्याच्या मदतीला कुणी येणार नसतं. मात्र त्याला ही शांतता सुरक्षेच्या मोबदल्यात घ्यावी लागते. एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या नाहीत, त्यामुळे ते मशीन नेटपासून तोडणं त्याला भाग आहे.

हा सौदा अटळ आहे का? अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टकडेच विंडोजची एलटीएससी नावाची आवृत्ती आहे. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं मिळतात, पण नव्या सोयी, नवी बटणं तिच्यात येत नाहीत. ती वैद्यकीय उपकरणांसाठी, एटीएमसाठी असते. सर्वसाधारण डेस्कटॉपसाठी ती नाही, असं कंपनी सांगते. जिथे चूक चालत नाही तिथे काय द्यायचं, हे बनवणाऱ्याला नेमकं ठाऊक आहे. विंडोज होम वापरणाऱ्याला अपडेट एका वेळी फार तर पाच आठवडे थांबवता येतं. प्रोवाल्याला नव्या सोयी वर्षभर लांबवता येतात. म्हणजे स्थैर्य ही चढ्या पायरीवर विकली जाणारी वस्तू झाली आहे, आणि शिकवणी घेणारी बाई, हिशेब लिहिणारा दुकानदार, प्रबंध लिहिणारी मुलगी खालच्या पायरीवर आहेत.

डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर शाखेत हेच फुकट मिळतं. साधारण दोन वर्षांनी एक आवृत्ती येते, आणि दरम्यान जवळपास फक्त दुरुस्त्या. सॉफ्टवेअर थोडं जुनं असतं आणि अगदी नवा लॅपटॉप कधी कधी अडतो. तरीही लेखन, हिशेब, ब्राउझर एवढंच काम असेल त्याला मी डेबियन किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्तीच सुचवेन. मॅक असेल तर नवी आवृत्ती आल्याआल्या घेऊ नका, जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत आहेत तोवर थांबा. विंडोजच हवं असेल तर प्रो घ्या आणि नव्या सोयी लांबवा. कोणतंही मोठं अपडेट घेण्याआधी फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या.

ही झाली आपली व्यवस्था. मागणी मात्र बनवणाऱ्यांकडेच केली पाहिजे: सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या सोयी प्रत्येक आवृत्तीत, अगदी स्वस्तातल्या होममध्येसुद्धा, वेगवेगळ्या द्या आणि नव्या सोयी नाकारण्याचा हक्क वापरणाऱ्याला द्या. सरकारी कार्यालयं आणि शाळा एकदम शेकडो संगणक घेतात. त्यांच्या निविदेत ही एक अट आली, तर कंपन्यांना ती ऐकावी लागेल.