भुतांची थकबाकी

सन १९३७ च्या २४ डिसेंबरला वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतून 'लोन्सम घोस्ट्स' हा आठ-नऊ मिनिटांचा व्यंगपट बाहेर पडला, आणि त्यातील चार भुतांची मला आजही कीव येते. ओसाड वाड्यात घाबरायला माणूसच उरलेला नाही, म्हणून कंटाळलेली ही मंडळी वर्तमानपत्रात भुतांचा बंदोबस्त करून देणाऱ्या पेढीची जाहिरात वाचतात आणि स्वतःच्या बंदोबस्तासाठी स्वतःच टेलिफोन करतात. गिऱ्हाईक नसल्यामुळे कचेरीत घोरत पडलेले मिकी, डोनाल्ड आणि गूफी बंदुका, सापळे घेऊन धावत रुजू होतात. मंदीने पोळलेल्या त्या दशकात भुते आणि भूतपकडे दोघेही बेकार असावेत, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

पुढे गूफी आरशाच्या कपाटात अडकतो, समोर दिसणारी निळी विजार भुताचीच असा निष्कर्ष काढून तीत टाचणी खुपसतो, आणि किंचाळतो तोही तोच. भयाची इतकी नेमकी मीमांसा मी एखाद्या जाडजूड ग्रंथातही वाचलेली नाही.

परंतु या भुतांना कोणाकडून काही येणे नाही, आणि आपल्या भुतांची जातच तेथे निराळी पडते. आमच्या सोलापुरात मराठी घरात ते भूत, कानडी घरात देव्व, तेलुगू घरात दय्यम; मराठी घरातल्या भुतांपुरते बोलायचे तर मुंजाचे लग्न राहिलेले असते, अळवंतीचे मूल राहिलेले असते, समंधाला वारस नसतो. आपले भूत म्हणजे मरणानंतरही दफ्तरातून खारीज न झालेली फिर्याद; म्हणूनच देवऋषी त्याला हुसकण्यापूर्वी 'तुला काय पाहिजे?' असे दरडावून विचारतो, आणि मामला बहुधा कोंबड्या-नारळावर तुटतो. (देवऋषीचा वाटा त्यातच आला.) अशा भुताला हसणे अवघड, कारण दारात उभ्या असलेल्या सावकाराला हसून कोणाचे कर्ज फिटत नाही.

ही अडचण आमच्याच जिल्ह्यात, अकलूजला, १९२७ साली जन्मलेल्या द. मा. मिरासदारांनी ओळखली असावी. 'भुताचा जन्म' ही कथा लिहिणाऱ्या या लेखकाने १९८२ च्या 'एक डाव भुताचा' या चित्रपटाची पटकथा रचताना अशोक सराफांच्या मावळा-भुताला दिलीप प्रभावळकरांच्या मास्तरासाठी सरळ राबायला लावले. भूत चाकरीला लागताच त्याच्या भयाचा ताबा सुटतो, आणि प्रेक्षक मोकळेपणी हसू लागतो. गिरणीच्या भोंग्यावर उठलेल्या आणि भोंगा बंद पडल्यावर रिकामे हात पाहिलेल्या सोलापूर शहराला डिस्नेच्या निरुद्योगी भुतांपेक्षा हे कष्टकरी भूत अधिक जवळचे वाटावे, यात नवल नाही. रिकामपण हा येथे कधी गमतीचा विषय नव्हता.

तरीही तो जुना व्यंगपट एकवार पाहावाच, आणि शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. काकवीत बुडून पिठाने माखलेले ते तिघे पाहून भुतेच बोबडी वळून पळ काढतात. डोनाल्ड त्यांना हिणवतो, वाडा रिकामा होतो, आणि या तिघांचा मेहनताना द्यायला मागे कोणीही उरत नाही.