डाव्या हाताला न कळलेली सेवा

मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सेवा करणाऱ्याचा जाहीर सन्मान करावा की करू नये? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, अशी प्रभूची शिकवण आहे. मग अशा सेवकाच्या गळ्यात हार घालून आपण त्याचे खरे प्रतिफळ हिरावून तर घेत नाही ना?

या प्रश्नाचा विचार करताना मला फार दूरचे एक लाकडी घर आठवते. अंटार्क्टिकातील रॉस बेटावर, केप एव्हान्स येथे, कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेने ते १९११ च्या जानेवारीत उभारले. दक्षिण ध्रुव गाठण्याची ईर्ष्या त्या मोहिमेत होतीच. परंतु ते घर शास्त्रज्ञांचे ठाणेही होते. तेथील हवामानशास्त्रज्ञ जॉर्ज सिम्प्सन हे भारताच्या हवामान खात्यातून, सिमल्याहून गेलेले. तेथील हवामानाच्या नोंदींवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९१९ साली कलकत्त्यास छापला गेला.

त्याच घराचा आसरा पुढे दुसऱ्या एका तुकडीने घेतला. अंटार्क्टिका ओलांडून येऊ पाहणाऱ्या शॅकल्टन यांच्यासाठी वाटेवर अन्नसाठे ठेवणे, हे तिचे काम. १९१५ च्या मे महिन्यात वादळाने तिचे जहाज नांगरासकट ओढून नेले आणि दहा माणसे मागे राहिली. अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी ते साठे ठेवले. तिघांना प्राणास मुकावे लागले. त्यांत आर्नल्ड स्पेन्सर-स्मिथ हे दीक्षित धर्मसेवकही होते. शॅकल्टन मात्र त्या वाटेने आलेच नाहीत. त्यांचे जहाज खंडाच्या दुसऱ्या बाजूस बर्फात चिरडले गेले होते. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्या तोंडी त्यातला एक घासही गेला नाही.

१९१७ च्या जानेवारीत उरलेल्या सात जणांची सुटका झाली आणि घर ओस पडले. आत शिरलेल्या हिमाचे घट्ट बर्फ झाले. १९६०-६१ च्या उन्हाळ्यात न्यूझीलंड अंटार्क्टिक सोसायटीचे लेस्ली क्वार्टरमेन व त्यांचे सहकारी तेथे गेले आणि त्यांनी तो बर्फ खणून बाहेर काढला. पुढे अनेक उन्हाळ्यांत या संस्थेचे स्वयंसेवक रखवालदार म्हणून तेथे राहिले. १९८७ साली या कार्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन झाली. २०१३ साली तिने त्या घरात सापडलेल्या, एकमेकांना चिकटून गेलेल्या २२ निगेटिव्हवरील छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती त्या दुर्दैवी तुकडीचीच होती. एका चित्रात तिचे प्रमुख शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्टीव्हन्स जहाजावर उभे दिसतात. बर्फ खणणाऱ्यांना असे काही हाती लागेल याची कल्पनाही नव्हती. ते केवळ खणत राहिले.

कोणी म्हणेल, जगात उपाशी माणसे असताना जुने डबे आणि फाटके मोजे जपण्यात कसला पुण्यभाग? आक्षेप हलका नाही. परंतु ज्या कार्याला यश आले तेवढेच आपण स्मरणात ठेवले, तर विश्वासूपणाचे मोल फळावर ठरते, असेच आपण मुलांना शिकवू. त्या घराची राखण करणाऱ्यांनी विजय आणि अपयश दोन्ही जपले. सत्याची ही सेवा आहे आणि तीही भुकेल्यांच्या सेवेइतकीच निरपेक्ष असू शकते.

भाषांतराच्या कामात मला तर्तियाची वारंवार आठवण होते. रोमकरांस पत्र पौलाचे. पण ते लिहून घेणारा हा लेखनिक शेवटच्या अध्यायात एका ओळीपुरता पुढे येतो, सलाम सांगतो आणि पुन्हा बाजूला होतो. पौलाने त्याला ती ओळ दिली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता माझ्या अपराधाविषयी. एका लहान गावच्या मंडळीतील निवृत्त गुरुजी वाळवी लागलेल्या बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदवह्या स्वखर्चाने, सुवाच्य अक्षरात उतरवून काढीत. जुने ख्रिस्ती शब्द कसे वापरले जात हे शोधताना त्या प्रती मला फार उपयोगी पडल्या. त्यांचे आभार लिहून कळवावेत असे कितीदा तरी मनात आले. पण अशा माणसाला स्तुती कशी रुचेल, असे म्हणून मी ते टाळले. एके दिवशी गुरुजी प्रभूकडे गेल्याचे कळले. तेव्हा मला उमगले की गुप्त दानाची आज्ञा देणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नव्हे. त्यांच्या नम्रतेसाठी असलेले वचन मी माझ्या आळसावर पांघरूण म्हणून वापरले होते. प्रभूने स्वतः सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीचे कृत्य लपवले नाही. तिचे स्मरण जगभर होईल असे सांगितले.

म्हणून सन्मान अवश्य करावा. पण हार सुकतो आणि शाल पेटीत जाते. ज्याने बर्फ खणला त्याचा खरा सन्मान पुढचे फावडे हाती घेण्यात आहे. आपल्या मंडळीतही कोणी जुन्या वह्या, पत्रे, छायाचित्रे सांभाळीत बसले असेल. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. आभार माना, शेजारी बसून एक पान उतरवून द्या आणि त्या पानाखाली त्यांचे नाव लिहा. त्यांनी नको म्हटले तरी लिहा.