हातातला दगड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी दगडफेक सुरू होते. या गोटमारीची कथा आमच्या भागात लहानपणीच कानावर पडते. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाली. नदीच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघेही तिथेच संपली. मग लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांनी दोघांचे देह चंडीमातेच्या देवळात नेले, असे सांगतात. झेंडाही शेवटी तिथेच वाहतात. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण दगड थांबले नाहीत.

पश्चात्ताप कथेत राहिला, प्रथेत दगड उरले. दुखावलेल्या माणसाचेही असेच होते. नाते संपून वर्षे लोटतात, तरी त्या दिवसाचे दगड तो पुन्हा पुन्हा उचलतो. मूठ दगडावर आवळलेली असली की दुसऱ्याचा हात हातात घेता येत नाही. म्हणून जुने कसे सोडायचे, हा प्रश्न नव्या प्रेमाच्या आधी येतो. आपल्या समाजाने तो टप्प्याटप्प्याने सोडवला आहे.

शेतकरी जातींकडे त्यासाठी काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडली की नाते तुटले, आणि बाईला पाट लावून नवा संसार मांडता येई. पण हा पाट रात्री, अंधारात लागे. पाटाच्या बाईला मंगलकार्यात पहिल्या लग्नाच्या सवाष्णीचा मान नसे. वाट मोकळी होती, तरी तिच्यावर लाज पसरलेली होती. विधुराच्या नव्या बायकोच्या गळ्यात वारलेल्या पहिलीचा चांदीचा टाक घालण्याचीही रीत होती. मेलेली सवत त्रास देईल, ही भीती त्यामागे होती. मला त्यात भीतीइतकेच शहाणपणही दिसते. या घरात आधी कुणी नांदले होते, हे कुणी लपवत नसे. गेलेल्या माणसाला जागा दिली की तो जिवंत माणसाच्या जागेवर हक्क सांगत नाही.

उच्चवर्णीयांत ही वाट बंदच होती. 1856 च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. 1893 मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले.

पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला आणि रूढीने चालत आलेली काडीमोडही राखली. मात्र न्यायालयात जायचे तर दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागे, म्हणजे दोन काठांवरून दगड मारावेच लागत. 1976 मध्ये परस्पर संमतीचा मार्ग आला. वर्षभर वेगळे राहून, दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि निदान सहा महिने थांबायचे. दोष कुणाचा, हे कुणी विचारणार नव्हते. कायद्याने हातातला दगड खाली ठेवला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की योग्य प्रकरणी ते सहा महिने थांबणेही सक्तीचे नाही.

थांबावे किती, हे सौसर-पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदाराला विचारावे. बहार धरायचा तर बागेचे पाणी तोडून तो झाडाला ताण देतो. पाने मलूल होतात, झाड दमल्यासारखे दिसते. मग पाणी सोडले की फुले येतात. ताण नीट बसला नाही तर बहार विस्कळीत येतो आणि ताण फार लांबला तर झाड वाळते. माणसाचेही तसेच आहे. जखम ओली असताना घाईने जोडलेले नाते जुन्या नात्याची उत्तरे मागत राहते. पण आयुष्यभर पाणी तोडून बसणे ही निष्ठा नव्हे.

अन्याय झाला असेल तर न्याय जरूर मागावा. दगड ठेवणे म्हणजे अन्याय विसरणे नव्हे. आपल्याला दुखावणाऱ्याच्या हिशेबाने नव्या माणसाला मोजायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कायदा पुष्कळ पुढे आला आहे, घरे मागे आहेत. नात्यातून सुटलेली मुलगी पुन्हा लग्न करते म्हटले की आजही ते चार माणसांत, कुजबुजत उरकले जाते. तुमच्या घरात कुणी नव्याने संसार मांडत असेल, तर मागचे उकरू नका. मांडव दारात घाला आणि तिला हळद दिवसाउजेडी लावा.